पथकर न घेण्याची अट

माहीम आणि वांद्रे यांच्यामध्ये एकेकाळी खाडीच होती. पलीकडे जायला होडीशिवाय उपाय नसे आणि पावसाळ्यात होड्या उलटून माणसे बुडत. खाडीवर रस्ता बांधायला कंपनी सरकारने हात आखडता घेतला, तेव्हा मुंबईचे पारशी व्यापारी जमशेटजी जीजीभाई यांच्या पत्नी अवाबाई यांनी पैसे देऊ केले. खर्च वाढत गेला तशी त्यांची देणगीही वाढत १,५७,००० रुपयांवर गेली. अट होती ती पथकर न घेण्याची. रस्ता १८४५ मध्ये खुला झाला. जीजीभाईंच्या साऱ्या दानधर्मात मला ही अट सर्वांत मोलाची वाटते, कारण दिलेला पैसा सरकारदरबारी गेल्यावर लोकांच्याच खिशाला कात्री लागू नये, एवढी व्यवहारी दक्षता तिच्यात आहे.

ही दक्षता व्यापारात मुरलेल्या घराला साजेशीच होती. १७८३ साली जन्मलेले जमशेटजी सोळाव्या वर्षी पोरके झाले, मामांच्या रिकाम्या बाटल्यांच्या धंद्यात शिरले आणि पुढे त्यांनी चीनच्या पाच सफरी केल्या. १८०५ मध्ये ते ज्या ‘ब्रन्सविक’ जहाजावर होते, ते श्रीलंकेजवळ फ्रेंचांनी पकडले. त्याच जहाजावर विल्यम जार्डिन नावाचा एक डॉक्टर होता. पुढे ‘जार्डिन मॅथेसन’ ही बलाढ्य व्यापारी पेढी उभारणारा जार्डिन तो हाच, आणि मुंबईहून त्याला माल पाठवणाऱ्यांत जमशेटजी अग्रभागी होते. मुंबईत कापडगिरण्या १८५० च्या दशकात आल्या. त्याआधी इथला मोठा पैसा बंदरातून होणाऱ्या व्यापाराचा होता.

या मालात कापूस होता, तशी माळव्याची अफूही होती. चीनने अफूवर बंदी घातलेली असतानाही हा व्यापार चालू राहिला, त्यावरून ब्रिटन आणि चीन यांच्यात युद्ध पेटले आणि १८४२ मध्ये नानकिंगच्या तहाने ते संपले. त्याच वर्षी जमशेटजींना ‘सर’ हा किताब मिळाला. तो मिळवणारे ते पहिले भारतीय. पुढे जे. जे. रुग्णालय उभे राहिले, पुण्यात मुळा-मुठेवरच्या बंधाऱ्याला त्यांनी पैसा दिला आणि त्यांच्या एक लाख रुपयांच्या देणगीतून १८५७ मध्ये कलाशाळा सुरू झाली.

हा सारा दानधर्म म्हणजे अफूचे प्रायश्चित्त होते, असे काही जण सुचवतात. मला ते पटत नाही. हा व्यापार खुद्द कंपनी सरकारच्या तिजोरीचा मोठा आधार होता आणि मुंबईच्या व्यापारी समाजात त्यामुळे कोणाची प्रतिष्ठा कमी होत नसे. तेव्हा जे ओझे त्यांना जाणवत होते की नाही हेच सांगता येत नाही, ते आपण त्यांच्या माथी मारू नये. मात्र रुग्णालय, कलाशाळा आणि बंधारा यांची यादी देताना हा पैसा कोणत्या गलबतांतून आला, हे गाळणेही तितकेच अप्रामाणिक आहे. जमशेटजींच्या चरित्रात चीनमधले कँटनचे बंदर माहीमच्या खाडीइतकेच ठळकपणे यायला हवे.