आधी ब्रेक, मग टर्बो
आजचा रविवार माझ्या माझदा एमएक्स-५ खाली उताणं पडून गेला. गाडी पहिल्या पिढीची, १.६ लिटरवाली. तिला १९९४ नंतरच्या १.८ चे पुढचे ब्रेक चढवले. डिस्क २३५ मिमीची होती, आता २५५ ची. ब्रेक पाइपचा नट गंजून असा बसलेला की विचारू नका. गंज सोडवायचा स्प्रे मारला, वाट पाहिली, मग नटाला जवळजवळ सगळ्या बाजूंनी धरणाऱ्या फ्लेअर पान्याने हळूहळू हलवला. साध्या पान्याने कडाच गोल झाल्या असत्या. आतून ब्रेक ऑइल निघालं ते काळंकुट्ट! हे ऑइल हवेतला ओलावा ओढतं, तरी लोक वर्षानुवर्षं बदलत नाहीत. बघणारा प्रत्येक जण मात्र विचारतो, इंजिनाची ताकद वाढवणारा टर्बो कधी? अरे, आधी थांबू तर दे तिला! उद्या ब्लीडिंग, म्हणजे ब्रेक पाइपमधली हवा काढायची. पेडल दाबायला कोण येतंय?