तुम्ही विचारलंत म्हणून : साताऱ्याहून इमॅजिकाला, एका दिवसात?

"पहाटे निघून रात्री परत येता येतं का हो?" परीक्षा संपत आल्या की शाळेच्या फाटकाशी, भिशीत, लग्नाच्या पंगतीत मला हा प्रश्न हमखास येतो. आम्ही दोन मुलं आणि सासूबाई घेऊन खोपोलीजवळच्या इमॅजिका या थीम पार्कला जाऊन आलोय, त्यामुळे ओळखीच्या बायकांत मी त्या विषयातली जाणकार ठरलेय. प्रत्येकीला वेगळं सांगण्यापेक्षा एकदाच लिहून टाकते.

येता येतं, पण करू नका. साताऱ्याहून खोपोली दोनशे किलोमीटरच्या आतबाहेर. सांगलीकरांना पेठ नाक्यावरून कऱ्हाड गाठून साताऱ्यापर्यंत येईतो आणखी सव्वाशे. चार तास जायचं, चार तास यायचं आणि मधला अख्खा दिवस उन्हात उभं राहायचं. मुलं गाडीत झोपून घेतात, नवरा चालवतो म्हणून त्याला चहा मिळतो. पहाटे तीनला उठून दशम्या करणारी आणि रात्री बाराला ओले कपडे वाळत घालणारी कोण, ते मी सांगायला नको. मुक्कामाचा खर्च वाचवला म्हणतात तो कुणाच्या अंगावर वाचवला, याचा हिशोब घरोघरी एकदा व्हायला हवा.

माझं गणित असं. रविवारी सकाळी निघायचं, सोमवारी पार्क, मंगळवारी परत. रविवारी संध्याकाळी महाबळेश्वर, कोल्हापूर करून पुण्याला परतणारी गर्दी रस्त्यावर उतरते आणि पुढं एक्सप्रेसवेवर मुंबईकडे परतणाऱ्यांची रांग बोरघाटात अडकते. सकाळी निघालात तर या दोन्हींच्या आधी तुम्ही घाट उतरून खाली असता. खंबाटकीला जाताना आपल्या वाट्याला बोगदा येतो, घाट येतो तो परतीला. म्हणजे ज्या लेकराला गाडी लागते त्याची खरी परीक्षा येताना. उलटीची गोळी डॉक्टरांना विचारून आणि घाटाच्या बऱ्याच आधी द्यायची. वळणं सुरू झाल्यावर दिलेली गोळी उलटीतूनच बाहेर पडते. आमच्याकडे जोडीला आलेपाक असतो. साताऱ्याच्या माणसाला तो कुठून आणायचा हे सांगावं लागत नाही.

राहायला खोपोलीत साधी लॉजं आहेत, पार्कला लागून मोठं हॉटेल आहे, आणि वर लोणावळ्यात सगळ्या दरांचं सगळं. खाली राहिलात तर सकाळी घाट उतरायचा उरत नाही आणि फाटक उघडायच्या वेळेला तुम्ही दारात असता. पहिल्या दोन तासांत जेवढं होतं तेवढं नंतरच्या चार तासांत होत नाही. सोमवारी पार्क चालू आहे ना, हे मात्र बुकिंगच्या आधी त्यांच्या साइटवर बघायचं, कारण गर्दी कमी असते त्या दिवसांत वेळा बदलतात. थीम पार्क, वॉटर पार्क आणि स्नो पार्क यांची तिकिटं वेगळी असतात. एकाच दिवशी थीम पार्क आणि वॉटर पार्क दोन्ही करू म्हणणाऱ्यांना माझा हात जोडून नमस्कार.

इथंच सगळ्यांचं घोडं पेंड खातं. तिकीट महाग, म्हणून वसूल करायचं. यादी करून, नकाशा हातात घेऊन, पोरांना ओढत या राईडवरून त्या राईडवर. अहो, पैसे दारात गेले. आता दहा राईड झाल्या काय आणि सहा झाल्या काय, ते परत यायचे नाहीत. मुलाला एक राईड आवडली आणि तो तीच पुन्हा मागतोय, तर बसू द्या पुन्हा. आमच्या धाकट्याला राजासॉरसची पाण्यातली राईड आवडली, कारण तो डायनासोरवेडा. त्याला आधीच सांगून ठेवलं होतं की हा प्राणी कुणी मनानं रचलेला नाही. गुजरातेत बालासिनोरजवळ रहिओलीला त्याची हाडं सापडली आणि २००३ मध्ये त्याचं नाव पडलं, राजासॉरस नर्मदेन्सिस. एवढं कळल्यावर रांगेतला वेळ त्यानंच आम्हाला शिकवण्यात घालवला. रांगा असतातच, आणि त्यात मोबाइलपेक्षा असं काहीतरी सांगायला असलेलं बरं.

निघायच्या आधी घरी मुलांची उंची मोजा, चपला काढून. लहान मुलाचं तिकीट तिथं वयावर नाही, उंचीवर ठरतं, आणि मोठ्या राईडना उंचीची अट असते. नायट्रोसारख्या रोलर कोस्टरला मूल साडेचार फुटांच्या वर लागतं. एवढ्या लांब जाऊन, तासभर रांगेत थांबून, पट्टीपाशी "नाही" ऐकलेलं पोर उरलेला दिवस तोंड फुगवून बसतं. घरात दाराच्या चौकटीवर पेन्सिलीची खूण केलीत तर रडारड घरीच उरकते.

आता सासूबाई. त्यांना पिशव्या राखायला नेऊ नका. हे मी जरा जोरात लिहितेय, कारण तिथं प्रत्येक सावलीत एक आजी चार पिशव्या, सहा चपला आणि कुणाचा तरी चष्मा धरून बसलेली दिसते. पूर्ण तिकीट काढून! सामान लॉकरमध्ये टाका, भाडं पडतं ते पडू द्या. 'आय फॉर इंडिया' त्यांना दाखवा. त्यात खुर्ची पडद्यापुढं अधांतरी उचलली जाते आणि आपण देशावरून उडतोय असं वाटतं. पाठीचं, मानेचं किंवा हृदयाचं दुखणं असेल तर आधी बाहेरचा फलक वाचा आणि तिथल्या माणसाला विचारा. त्यांचा खरा आनंद मात्र तिसऱ्या दिवशी ठेवायचा. पार्क खोपोली-पाली रस्त्यावर आहे, म्हणजे बल्लाळेश्वर त्याच रस्त्यानं पुढं, आणि वरदविनायकाचं महड खोपोलीपासून अगदी जवळ. अष्टविनायकातले दोन गणपती वाटेवर असताना तसंच परत येणं आमच्या घरात खपलं नसतं. फोनच्या नकाशात महड नीट बघून टाका. महाड टाकलंत तर गाडी गोव्याच्या रस्त्याला लागेल. आणि अंगारकी नाही ना, तेही बघा.

जे आजींचं तेच आईचं. "तुम्ही जा, मी थांबते इथं" हे वाक्य घरी ठेवून या. लहान मुलाजवळ एकानं थांबावं लागतं हे खरं, पण ते आळीपाळीनं. आधी नवरा आणि थोरली, मग तुम्ही आणि थोरली. थोरली दोनदा बसते म्हणून ती कुरकुर करत नाही.

कपड्यांचं बोलते, कारण यावर सगळ्याजणी कुजबुजत विचारतात. वॉटर पार्कमध्ये साडी, सुती कुडता, जीन्स चालत नाही. नायलॉनचेच कपडे लागतात. भाड्यानं मिळतात, पण तुमच्या मापाचे आणि तुम्हाला बरे वाटतील असे मिळतीलच असं नाही. आपल्या बाजारात लांब बाह्यांचा टॉप आणि पूर्ण लांबीची लेगिंग असा पोहण्याचा जोड मिळतो, तो घ्या. अंग झाकलेलं राहतं आणि उन्हानं खांदेही भाजत नाहीत. काचेच्या बांगड्या काढायच्याच, घसरगुंडीत फुटल्या तर तुम्हालाही लागतं आणि मागून येणाऱ्या पोरालाही. मंगळसूत्र घरी कपाटात. कुणी काही म्हणालं तर सांगा, राईडवर सैल दागिना चालत नाही. खरंच चालत नाही. बुकिंगची तारीख ठरवताना आपली पाळीची तारीख बघा. घरातल्या सगळ्यांच्या सुट्ट्या बघितल्या जातात आणि हीच राहते. पुढं ढकलायची गोळी मैत्रिणीनं सांगितली म्हणून घेऊ नका, डॉक्टरला विचारा.

आपल्याला ऊन नवीन नाही, पण आपलं ऊन कोरडं. सातारा ७०० मीटरच्या आसपास उंचीवर, आणि खोपोली घाटाच्या पायथ्याशी, म्हणजे कोकणातली हवा. घाम येतो तो वाळत नाही. पोरं चिडचिडी होतात, डोकं दुखतं म्हणतात, आणि आपण त्यांना दटावतो. त्यांना पाणी हवं असतं. ओआरएसची पाकिटं औषधाच्या दुकानातून घ्या आणि पाकिटावर लिहिलंय तेवढ्याच पाण्यात कालवा; अंदाजानं घट्ट करायचं ते सरबत नाही. गोड रंगीत डब्यांवर फसू नका. २०२५ च्या ऑक्टोबरमध्ये एफएसएसएआयनं, म्हणजे केंद्राच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणानं, जागतिक आरोग्य संघटनेच्या सूत्रात न बसणाऱ्या पेयांना 'ओआरएस' हे नाव लावायला बंदी घातली, ती काही उगाच नाही. दुपारी बारा ते चार छताखालच्या राईड घ्या, भिजायच्या राईड उन्हं उतरल्यावर.

बाहेरचं खाणं आत नेऊ देत नाहीत. तान्ह्या बाळाच्या खाण्याचं काय, ते आधी फोन करून विचारा. म्हणून सकाळी गाडीतच पोट भरून घ्यायचं. दशमी, शेंगदाण्याची चटणी, गुळ. सांगलीकरांनी भडंग आणावा, पण आदल्या दिवशीच्या प्रवासासाठी. पार्कच्या सकाळी तो तहान वाढवतो.

हरवाहरवीचं थोडक्यात. सकाळी निघताना मुलांचा त्या दिवशीच्या कपड्यांत फोटो काढा. दंडावर पुसलं न जाणाऱ्या पेनानं फोन नंबर लिहा, आणि एक नाही, दोन. तुम्ही राईडवर असाल तेव्हा तुमचा फोन लॉकरमध्ये असतो. चुकलास तर गणवेशातल्या माणसाकडे जायचं, आम्हाला शोधत फिरायचं नाही, हे आदल्या रात्री सांगून घ्या आणि त्याच्याकडून म्हणवून घ्या.

राहिला प्रश्न कधी जायचं याचा. मेमध्ये गर्दीही आणि घामही. पावसाळ्यात तो भाग हिरवा होतो खरा, पण खोपोलीचा पाऊस म्हणजे आपल्या कासच्या बाजूचा पाऊस, आणि जोराचा आला की बाहेरच्या राईड थांबवतात. डिसेंबरात शाळांच्या सहली सुरू झाल्या की सोमवार-मंगळवारही रिकामा राहत नाही. दिवाळीच्या सुट्टीचा शेवटचा आठवडा, भाऊबीज उरकून पाहुणे गेले की, मला सगळ्यांत बरा वाटतो. रविवार-सोमवार-मंगळवार असा जुळतोय का, तेवढं कॅलेंडर काढून आजच बघून ठेवा.