मी कशाला आमेन म्हटले?

शुक्रवार, रात्र

काल आमच्या घरच्या प्रार्थनासभेत चर्चमधल्या आक्कांनी समारोपाची प्रार्थना केली आणि सवयीप्रमाणे सर्वांबरोबर मीही 'आमेन' म्हटले. तेव्हापासून मन थाऱ्यावर नाही. प्रार्थना नेहमीचीच होती; आजाऱ्यांसाठी, परीक्षेला बसणाऱ्यांसाठी, पावसासाठी आणि पाळकसाहेबांच्या गुडघ्यासाठी. पण गुडघ्यानंतर त्या किंचित थांबल्या आणि म्हणाल्या, "प्रभू, या घरातल्या लेकरांच्या डोळ्यांवर आणि कानांवर पहारा ठेव. जे तुझं नाही ते या भिंतींच्या आत ऐकू येऊ देऊ नकोस." प्रार्थनेतून बसलेल्या टोल्याला उत्तर देता येत नाही, हे मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, वाढलेल्या कोणालाही सांगायला नको. डोळे मिटलेले असतात, मान खाली असते आणि पुढच्या क्षणी आमेन म्हणायचे असते.

झाले होते एवढेच, की आक्का वेळेच्या जरा आधी आल्या आणि टीव्हीवर अभंग चालू होता. आषाढ आहे, निवृत्तिनाथांची पालखी आपल्या नगरवरूनच पंढरीला जाते, तेव्हा या दिवसांत कोणतीही वाहिनी लावली तरी टाळ-मृदंग ऐकू येणारच. आक्कांनी चपला काढता काढता विचारले, "अगं, हे चालतं का तुमच्याकडे?" त्यांच्या आवाजात राग नव्हता. मी उत्तर देण्याआधीच ह्यांनी आवाज बंद केला. ह्यांच्याविषयी आज काही लिहीत नाही.

मला वाईट वाटले ते नेमके कशाचे, हे दिवसभर शोधते आहे. मागे एकदा प्रार्थना संपल्यावर पावसामुळे आक्कांना थांबावे लागले होते, तेव्हा त्यांनी याच खोलीत, याच खुर्चीवर बसून आमच्याबरोबर रात्री आठची मालिका पाहिली होती. त्या भागात धाकट्या सुनेच्या दुधात कोणीतरी विष कालवले, थोरलीने खोटी शपथ घेतली आणि सासऱ्यांच्या मृत्युपत्रावरचा अंगठा बदलला गेला. आक्का मधून मधून "अरे देवा" म्हणत होत्या. पण जाहिराती लागल्या तेव्हा चहाचा कप हातात धरून, पुढे काय होणार याचा अंदाजही त्याच बांधत होत्या. त्या दिवशी भिंतींची आठवण कोणाला झाली नाही. बायबलात प्रेषित पौलाने फिलिप्पैकरांना लिहिले आहे, की जे सत्य, जे आदरणीय, जे न्याय्य, जे शुद्ध त्याचे मनन करा. ही कसोटी त्या मालिकेला लावली तर जाहिरातींखेरीज फारसे काही उरणार नाही, आणि जाहिरातींविषयीही मला शंका आहे.

अलीकडे वेब सिरीजच्या आरंभी वयाचा इशारा येतो, सात, तेरा, सोळा किंवा फक्त प्रौढांसाठी, आणि मुलांसाठी कुलूपही घालता येते. ते आम्ही घातलेले आहे. पण ज्या मालिकेनंतर मी स्वयंपाकघरात भांडी जोराने आपटू लागते आणि सासूबाईंच्या साध्या प्रश्नालाही तिरके उत्तर देते, तिच्यावर असा इशारा कोणी द्यायचा? अभंग ऐकून मी कधी भांडी आपटलेली नाहीत.

हे सगळे मी मनातल्या मनात आक्कांना ऐकवत होते आणि प्रत्येक वेळी जिंकत होते. मी त्यांना ब्राह्मण घरातून ख्रिस्ती झालेले कवी रेव्हरंड नारायण वामन टिळक यांची आठवण करून दिली. १८९५ साली बाप्तिस्मा घेतलेला, याच नगरात राहिलेला हा माणूस, तुकोबांच्या पुलावरून आपण ख्रिस्ताच्या चरणी आलो, असे सांगत असे. आणि त्यांची भजने आपण दर रविवारी ज्या चालींवर गातो, त्या काही अमेरिकेहून जहाजात आल्या नव्हत्या. अमेरिकन मिशनच्या काळापासून नगरात ख्रिस्ती कीर्तने होत आली. आमच्या बाबांच्या कीर्तनात तर... ते राहू दे. पौलसुद्धा अथेन्सला गेला तेव्हा त्याने तिथल्या लोकांना त्यांच्याच कवींचे वचन ऐकवले. ते कवी काही यहुद्यांच्या सभास्थानात गाणारे नव्हते. पौलाने ते कधीतरी, कोणाच्या तरी घरी, कान देऊन ऐकले किंवा वाचले असलेच पाहिजेत, आणि तिथे कोणी त्याला "हे चालतं का तुमच्याकडे?" असे विचारले असेल तर बायबलातल्या 'प्रेषितांची कृत्ये' या पुस्तकात त्याची नोंद नाही.

एवढे सगळे जिंकूनही बरे वाटेना, कारण दुपारी भाजी निवडताना मला आक्कांच्या आजीची आठवण झाली. ख्रिस्ती होताना त्या आजीने काय सोडले आणि गावाने तिचे काय केले, हे मंडळीत सर्वांना ठाऊक आहे. तिच्या तारुण्यात पंढरीच्या मंदिराची दारे तिच्या लोकांना, अस्पृश्य ठरवलेल्यांना, बंद होती. चोखोबांनाही मान मिळाला तो पायरीपाशीच. साने गुरुजींच्या उपोषणानंतर १९४७ साली ती दारे उघडली, तोवर आजी आपल्या कबरस्तानात विसावली होती. टिळक तुकोबांच्या पुलावरून आले हे खरेच आहे, परंतु टिळकांना त्या पुलावर पाय ठेवायला कोणी अडवले नव्हते. ज्या घराण्याला पुलाच्या अलीकडेच थांबवले गेले आणि जे दुसऱ्या वाटेने, पाण्यातून, प्रभूपर्यंत पोहोचले, त्या घराण्यातल्या बाईला मृदंगाचा ठेका माझ्यासारखा निव्वळ गोड कसा लागावा? मला जी चाल ऐकू येते, तिच्याबरोबर त्यांना बंद दारही ऐकू येत असेल. शिवाय आमची धाकटी लेक हल्ली आंघोळ करताना विठ्ठलाचे नाव घेऊन तान मारते, तेही आक्कांनी ऐकलेले आहे. मला ते लोभसवाणे वाटते, त्यांना धास्ती वाटते, आणि ती धास्ती मूर्खपणाची आहे असे मी प्रामाणिकपणे म्हणू शकत नाही.

मग पौलाने करिंथकरांना लिहिलेले पत्र काढले. मूर्तीला दाखवलेल्या नैवेद्याचा प्रश्न. शेजारच्या वहिनी गणपतीचा प्रसाद घेऊन येतात तेव्हा दरवर्षी आपल्यापुढे उभा राहतो तोच. पौल म्हणतो, मूर्ती म्हणजे काहीच नव्हे हे आपल्याला माहीत आहे, पण माझ्या खाण्याने दुर्बळ बंधू अडखळत असेल तर मी मांस कधीच खाणार नाही. वाचताना मला तत्काळ समाधान वाटले, की चला, आक्का दुर्बळ ठरल्या आणि मी उदार मनाने त्यांच्यासाठी अभंग बंद ठेवीन. मग लक्षात आले, की आक्कांनीही हाच अध्याय वाचला असणार, आणि त्यांच्या वाचनात दुर्बळ मी असणार. त्याशिवाय लेकरांचे डोळे-कान त्या शेवटच्या प्रार्थनेत आलेच नसते. एकाच पत्राच्या आधाराने आम्ही दोघी एकमेकींना सांभाळून घेत आहोत. हे सुचले तेव्हा दिवसभरात पहिल्यांदा हसू आले.

आमेन मागे घेता येत नाही, आणि आता मला ते घ्यायचेही नाही. लेकरांवर पहारा असावा हे मलाही मान्यच आहे. पहाऱ्यावर कोणाला उभे करायचे आणि त्याने कोणाला अडवायचे, हे प्रभूने ठरवावे. पण त्याने ते आक्कांच्याच मुखातून ठरवावे असे नाही, एवढी दुरुस्ती मी आज रात्री माझ्या प्रार्थनेत सुचवणार आहे. अभंगाविषयी मात्र मी अजून काही ठरवलेले नाही. आक्का घरी असताना लावणार नाही. त्या नसताना लावीन, आणि धाकटीने विचारले तर तिला टिळकांविषयी सांगीन, आजीविषयीही सांगीन.

हे लिहीत असतानाच आक्कांचा फोन आला. त्यांच्याकडे संध्याकाळपासून वीज नव्हती आणि मालिकेचा आजचा भाग हुकला होता. "फार काही नाही गं, पण ते दुधाचं काय झालं?" असे त्यांनी विचारले. मी सगळे सविस्तर सांगितले: धाकटी सून दवाखान्यात आहे, मृत्युपत्र सापडले आहे आणि थोरली आता देवळात जाऊन रडते आहे. आक्का म्हणाल्या, "रडू दे, नाटकी आहे ती." मग दुधात विष कोणी कालवले यावर आम्ही पुष्कळ वेळ तर्क केले, आणि दोघींचाही संशय एकाच बाईवर आहे.