काखेतील गाठी काढल्यानंतरची मालिश : माझा अनुभव

स्तनाच्या कर्करोगासाठी झालेल्या शस्त्रक्रियेत माझ्या डाव्या काखेतील लसिकाग्रंथी, म्हणजे लसिका (लिम्फ) या शरीरातल्या पातळ द्रवाच्या वाटेवरच्या छोट्या गाठी, काढण्यात आल्या. पुढे जखमेतले पाणी बाहेर काढणारी ड्रेनची नळी निघाली, जखम सुकली, पण हात काही खांद्याच्या वर जाईना. सर्जनांनी फिजिओथेरपी विभागाकडे चिठ्ठी दिली. त्यानंतर ज्या मालिशी माझ्या वाट्याला आल्या त्यांत नावाखेरीज फारसे साम्य नव्हते. प्रत्येकीची वेळ, जागा आणि दाब निराळा होता.

सुरुवात व्रणापासून झाली. टाके निघून, खपल्या पडून त्वचा सगळीकडून मिटेपर्यंत फिजिओथेरपिस्ट बाईंनी तिथे बोटही लावले नाही. तीन आठवड्यांच्या व्रणात मूळ त्वचेच्या जेमतेम पाव हिस्सा ताकद असते आणि तो पुरता जुना झाला तरी ती साधारण ८० टक्क्यांच्या पुढे जात नाही, असे त्यांनी समजावले. मग दोन बोटांची टोके व्रणावर टेकवून ती न घसरवता, बोटांखालची त्वचाच खालच्या थरावरून सरकवायला त्यांनी शिकवले : आधी वर-खाली, मग आडवी, मग लहान वर्तुळात. काखेकडच्या टोकाला त्वचा बरगडीला डकवल्यासारखी घट्ट बसली होती आणि हात अडत होता तो मुख्यतः तिथेच. जखम भरताना तयार होणारे कोलाजेन या प्रथिनाचे तंतू वाटेल तसे गुंततात व शेजारच्या थरांना धरून ठेवतात. व्रण पक्का होण्यास वर्षभर किंवा त्याहून अधिक काळ लागत असल्यामुळे ही मालिश रोज थोडी थोडी, पण पुष्कळ दिवस करावी लागते. दंडाची आतली बाजू बधिर होती, कारण काखेतून जाणारी एक संवेदी नस अशा शस्त्रक्रियेत बहुधा दुखावते किंवा कापली जाते. तिथे आधी कापूस, मग मऊ कापड आणि शेवटी खरखरीत टॉवेल फिरवायचा होता. दिसायला हा उद्योग पोरकट होता, पण कपड्याचा स्पर्शही नकोसा होण्याचे थांबले ते त्यामुळेच.

याच सुमारास हात बाजूला उचलला की काखेपासून कोपरापर्यंत त्वचेखाली ताणलेल्या सुतळीसारखी दोरी उमटू लागली. याला कॉर्डिंग म्हणतात आणि काखेतील गाठी काढलेल्या अनेक जणींना ते होते, हे मला आधी कोणी सांगितले असते तर एक रात्र तरी शांत झोप लागली असती. बाई हात आधाराने उचलून धरत आणि दोन्ही अंगठ्यांनी दोरीवरची त्वचा विरुद्ध दिशांना हळूहळू ताणत. ताण जाणवे, पण कळ येऊ देत नसत. बहुतेकांच्या दोऱ्या काही महिन्यांत विरून जातात आणि माझ्याही गेल्या. रेडिएशन सुरू असताना मात्र त्या भागावरची सर्व मालिश बंद होती, कारण किरणांनी त्वचा भाजल्यासारखी हळवी होते.

सूज आली ती बऱ्याच उशिरा. बाईंनी दोन्ही हात मनगटापासून वर ठरावीक अंतरांवर टेपने मोजले. कोणत्याही जागी दोन सेंटिमीटर किंवा त्याहून अधिक फरक आढळला की लसिका साचून आलेली सूज धरण्याचा प्रघात आहे आणि माझा फरक त्यात बसत होता. आता जी मालिश सुरू झाली तिचे नाव मॅन्युअल लिम्फ ड्रेनेज, म्हणजे साचलेली लसिका हातांनी पुढे वाहती करणे. डेन्मार्कचे एमिल आणि एस्ट्रिड व्होडर या दांपत्याने १९३०च्या दशकात ती विकसित केली. सूज डाव्या हाताला असूनही बाईंनी सुरुवात मानेपासून केली, मग उजवी काख घेतली, छातीवरून आडवी वाट मोकळी केली आणि हाताला स्पर्श केला तो सर्वांत शेवटी, तोही आधी दंडाला. पुढची जागा रिकामी झाल्याशिवाय मागचे पाणी जाणार कुठे, असा त्यामागचा हिशेब होता. तेल अजिबात नव्हते, कारण तळवा घसरून चालत नाही. त्वचा हलकेच ताणायची आणि सोडून द्यायची. लसिकेच्या सर्वांत बारीक वाहिन्या त्वचेच्या लगेच खाली असल्यामुळे जोराने दाबून काही साधत नाही, उलट सुजलेल्या हाताला इजाच होते. रगडून दिलेल्या ‘डीप टिश्यू’ मसाजने सूज उतरवून देऊ म्हणणारे पुष्कळ भेटतात. त्यांच्याकडे गेलेच पाहिजे असे वाटत असेल, तर आधी सर्जनांना विचारावे.

मालिशीनंतर हातावर बोटांपासून काखेपर्यंत थरांच्या पट्ट्या बांधल्या जात आणि त्या बांधूनच व्यायाम करायचा असे. उकाड्यात हा भाग सर्वांत कंटाळवाणा होता, पण माझ्या मते खरे काम पट्ट्यांचेच. कॉक्रेन ही संस्था उपचारांवरचे अभ्यास एकत्र तपासते; तिच्या २०१५ च्या आढाव्याचा निष्कर्षही साधारण असाच आहे : ही मालिश सुरक्षित आहे, पट्ट्यांच्या जोडीला दिल्यास सूज उतरण्यात थोडी भर पडू शकते, आणि तो फायदा सूज सौम्य ते मध्यम असताना होण्याची शक्यता अधिक. म्हणून नुसती मालिश घेऊन पट्ट्या टाळण्यात मला अर्थ दिसत नाही.

प्रत्येक वेळी टेबलावर झोपण्यापूर्वी बाई तेच प्रश्न विचारत : ताप आहे का, हात लाल किंवा गरम झाला आहे का, एका पोटरीत दुखून सूज आली आहे का? यातल्या एकाचेही उत्तर ‘हो’ आले की मालिश रद्द आणि आधी डॉक्टर, कारण लाली व ताप हे जंतुसंसर्गाचे लक्षण असू शकते, आणि पोटरीत रक्ताची गुठळी असेल तर ती चोळल्याने सुटून फुप्फुसात जाण्याचा धोका असतो. हृदय कमजोर असणाऱ्यांनाही ही मालिश सरसकट देत नाहीत, कारण मोकळे झालेले पाणी शेवटी रक्तातच उतरते आणि त्याचा भार हृदयावर येतो.

हाताचे माप आता बरेच उतरले आहे, बरोबरीला मात्र आलेले नाही. मान आणि काखेची मालिश मी सकाळी स्वतःच करते आणि मग दिवसभरासाठी मापाचा घट्ट स्लीव्ह चढवते. वापराने त्याचा ताण सैल पडत जातो, त्यामुळे साधारण सहा महिन्यांनी हाताचे माप पुन्हा घेऊन तो बदलावा लागतो.