'मदर 2' ते 'अर्थबाउंड' : संग्रहातील पुढचा टप्पा

'मदर 2' या व्हिडिओ गेमच्या, निन्टेन्डोच्या सुपर फॅमिकॉम या गेमयंत्रावर चालणाऱ्या जपानी कार्ट्रिजच्या दुरुस्तीचे काम पूर्ण झाले असून आता त्याच गेमच्या अमेरिकी आवृत्तीचा, म्हणजे 'अर्थबाउंड'चा, शोध सुरू करत आहे. मूळ गेम एकच असला तरी दोन्हींच्या किमतींत जमीन-अस्मानाचे अंतर आहे, आणि त्याचे कारण विक्रीच्या इतिहासात सापडते.

जाहिरातलेखक शिगेसातो इतोई यांनी 1989 च्या 'मदर'मध्ये तलवारी आणि राजवाडे बाजूला सारून मुलाच्या हाती बेसबॉलची बॅट दिली आणि कथा आधुनिक अमेरिकेसारख्या जगात नेली. दुसऱ्या भागाचे काम रखडले, तेव्हा हाल लॅबोरेटरी या गेम बनवणाऱ्या कंपनीच्या सातोरू इवाता यांनी सांगितले, की आहे तेच दुरुस्त करत बसल्यास दोन वर्षे जातील, नव्याने लिहिल्यास सहा महिने पुरतील. नव्याने लिहिण्याचा मार्ग निवडला गेला आणि 27 ऑगस्ट 1994 रोजी गेम जपानमध्ये आला. तिथे तो चांगला खपला. अमेरिकेत मात्र जून 1995 मध्ये आलेल्या आवृत्तीच्या सुमारे 1 लाख 40 हजार प्रतीच विकल्या गेल्या. दुर्गंधीवर बेतलेली तिथली जाहिरात मला आजही अनाकलनीय वाटते. पुढे 1999 मध्ये 'सुपर स्मॅश ब्रदर्स' या निन्टेन्डोच्या दुसऱ्या गेममधून 'अर्थबाउंड'चा नायक नेस नव्या खेळाडूंपुढे आला, मागणी वाढली, प्रती मात्र तेवढ्याच राहिल्या.

माझ्या कार्ट्रिजमधील बॅटरी सीआर 2032 होती. ती काढताच सेव्ह, म्हणजे खेळाची साठवलेली प्रगती, पुसली जाते, म्हणून आधी कार्ट्रिज वाचणाऱ्या रीडर या उपकरणावर सेव्हची प्रत उतरवली. आवडता पदार्थ म्हणून आधीच्या मालकाने करी राइस लिहिले होते. हा गेम सुरुवातीलाच तो विचारतो आणि पुढे आई घरी तोच पदार्थ वाढते. मालकाची ही निवड जपणे मला लेबल जपण्याइतकेच महत्त्वाचे वाटते. नंतर 3.8 मिमीच्या स्क्रू-ड्रायव्हर बिटने कव्हर उघडले, संपर्कपट्ट्या आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसल्या, पत्र्याच्या टॅबसह येणारी नवी बॅटरी सोल्डर केली आणि सेव्ह परत चढवली. ती व्यवस्थित टिकते आहे.

अमेरिकी प्रतीबाबत मुख्य धोका बनावट कार्ट्रिजचा आहे. या गेममध्ये नक्कल ओळखण्याची अनेक स्तरांची तपासणी आहे: सेव्हची मेमरी मूळ 8 किलोबाइटपेक्षा जास्त आढळल्यास इशारा दिसतो, तो टप्पा चुकवला तरी वाटेत शत्रूंची संख्या बेसुमार वाढते आणि शेवटच्या लढाईत गेम गोठून सेव्ह पुसली जाते. मात्र या तपासण्या काढून टाकलेल्या नकलाही बाजारात असल्याने केवळ गेम चालवून पाहणे पुरेसे नाही. कव्हर उघडून सर्किट बोर्डवर निन्टेन्डोचे नाव आणि 'एसएचव्हीसी'ने सुरू होणारा क्रमांक पाहिल्याशिवाय मी व्यवहार करणार नाही.

अमेरिकेत हा गेम मोठ्या खोक्यात, मार्गदर्शक पुस्तिकेसह विकला गेला. पुस्तिकेत घासल्यावर वास येणारी कार्डे होती आणि बहुतेक मुलांनी ती घासलीच, त्यामुळे न वापरलेली कार्डे व धड खोके असलेली प्रत सुट्या कार्ट्रिजच्या कितीतरी पट महाग पडते. माझा क्रम ठरला आहे: प्रथम खात्रीचे सुटे कार्ट्रिज, मग पुस्तिका, आणि खोके सर्वांत शेवटी.