तिकडे तरी राजकारण स्वच्छ आहे ना?

तुम्ही विचारलंत म्हणून एकदाचं लिहून टाकते. नाशिकला फोन केला की भाऊ विचारतो. इथे कॅनडात, ब्रॅम्प्टनला गणपतीच्या आरतीनंतर नव्याने आलेली मुलं विचारतात आणि उत्तराआधीच मान डोलावतात. "तिकडे तरी" किंवा "इथे तरी राजकारण स्वच्छ आहे ना, ताई?" मी "हो, बऱ्यापैकी" म्हणते आणि विषय बदलते. मग ते "बऱ्यापैकी" दिवसभर टोचत राहतं.

तुमचं जे बरोबर आहे ते आधी कबूल करते. केंद्रातल्या पक्षांना कंपन्या किंवा कामगार संघटना एक डॉलरही देऊ शकत नाहीत. २००७ पासून बंदी आहे. माणसाच्या देणगीलाही मर्यादा आहे, २०२५ मध्ये एका पक्षाला वर्षभरात १,७५० डॉलर. मतदानाच्या आदल्या रात्री आमच्या गल्लीत पाकिटं फिरताना मी लहानपणी पाहिलीत, त्यामुळे या नियमांची किंमत मला कळते. म्हणूनच सुरुवातीची काही वर्षं मी हे छातीठोकपणे सांगत होते. इतकं की एसएनसी-लाव्हालिन या बड्या बांधकाम कंपनीवरून तेव्हाचे पंतप्रधान ट्रुडो अडचणीत आले, ते प्रकरण गाजत होतं तेव्हाही भावाला म्हटलं होतं, "बघ, इथे पंतप्रधानालासुद्धा सोडत नाहीत."

मग २०२० आलं. मी एका किराणा दुकानात कॅशवर होते. दुकानाचं नाव लिहीत नाही. ओन्टारिओत तेव्हा किमान पगार ताशी १४ डॉलर होता. मार्चमध्ये सगळं बंद झालं आणि आम्हाला ताशी दोन डॉलर जादा मिळू लागले. दुकानाच्या दारावर आमचे आभार मानणारा मोठा फलक लागला. माझे आठवड्याला तीस तास, म्हणजे साठ डॉलर. मी आईला सांगितलं, इथे कॅशवरच्या बाईलाही मान आहे. आई रडली. मी एम. कॉम. होऊन कॅशवर उभी आहे हे तिला तोवर सोसलं नव्हतं.

जूनमध्ये एका सकाळी ब्रेक रूममधल्या फ्रिजवर कागद चिकटवलेला दिसला. शनिवारपासून जादा पैसे बंद. माझ्याबरोबर साठीच्या पुढची एक फिलिपिनो बाई होती, घरी दम्याचा नवरा. तिने कागद दोनदा वाचला, चेहऱ्यावरचं प्लास्टिकचं झाकण काढलं, कपड्याने पुसलं, परत लावलं आणि कॅशवर जाऊन उभी राहिली. मी मॅनेजरकडे गेले. साथ संपली का, असं विचारलं. तो वाईट माणूस नव्हता. म्हणाला, "सगळीकडेच बंद झालंय." खरंच होतं ते. त्याच सुमारास देशातल्या तीन सर्वांत मोठ्या किराणा साखळ्यांनीही हे पैसे थांबवले. मी काही बोलले नाही. त्या शिफ्टमध्ये कुणीच काही बोललं नाही. मी मॅनेजरला "थँक यू" म्हणून बाहेर आले, आणि त्या "थँक यू"ची चीड मला आजही येते.

जुलैमध्ये संसदेच्या समितीने त्या साखळ्यांच्या प्रमुखांना बोलावलं. मी जेवणाच्या सुट्टीत मोबाइलवर ऐकत होते. आपसात ईमेल आणि फोन झाल्याचं त्यात निघालं. पण निर्णय ज्याचा त्याने घेतला, संगनमत नव्हतं, असं तिघांनीही सांगितलं. मला वाटलं, आता चौकशी होईल. नोव्हेंबरमध्ये कॉम्पिटिशन ब्युरोने, म्हणजे कंपन्यांमधल्या स्पर्धेवर नजर ठेवणाऱ्या सरकारी संस्थेने, कायदा काय म्हणतो ते स्पष्ट केलं. कंपन्यांनी मिळून पगार ठरवले तरी संगनमताचं फौजदारी कलम लागत नाही. २००९ च्या दुरुस्तीत त्या कलमातून 'खरेदी' गळली होती. विकायच्या मालाचे भाव मिळून ठरवले तर गुन्हा. पण आमचं श्रम कंपनी विकत घेते, विकत नाही. ब्रेडच्या किमती संगनमताने वाढवल्याबद्दल २०२३ मध्ये कॅनडा ब्रेड या कंपनीला पाच कोटी डॉलर दंड झाला. तो ब्रेड फळीवर लावणाऱ्या हातांच्या पगाराला २०२० मध्ये तसं संरक्षण नव्हतं.

मी कुणी पैसे चारले असं म्हणत नाहीये. इथे तुम्ही मला नेहमी अडवता, "पुरावा काय?" पुरावा मागताना तुम्ही पाकीट शोधताय. एसएनसी-लाव्हालिनमध्येही पाकीट नव्हतं. लाचखोरीचा आरोप असलेल्या कंपनीला खटल्याऐवजी तडजोड करता यावी, ही तरतूद २०१८ च्या अर्थसंकल्पाच्या जाडजूड विधेयकातून कायद्यात आली. कंपनीने त्यासाठी रीतसर लॉबिंग केलं होतं, म्हणजे सरकारातल्या लोकांना भेटून आपली बाजू गळी उतरवली होती. मग ती तडजोड मिळावी म्हणून कायदामंत्री जोडी विल्सन-रेबोल्ड यांच्यावर दबाव आणला, आणि त्यात ट्रुडोंनी हितसंबंधांचा कायदा मोडला, असा निष्कर्ष नीतिमत्ता आयुक्तांनी २०१९ मध्ये काढला. "सोडत नाहीत" म्हणून मी ज्याचा अभिमान बाळगला, त्यातलं ते विधेयक मी तेव्हा पाहिलंच नव्हतं. १,७५० डॉलरच्या मर्यादेने देणगी थांबते. मंत्रालयात वर्षभर आपला माणूस पाठवण्याची ऐपत थांबत नाही. या देशात वरच्या वीस टक्के घरांकडे सुमारे दोन तृतीयांश संपत्ती आहे आणि खालच्या चाळीस टक्क्यांकडे जेमतेम तीन टक्के. त्या चाळिसांतल्या कुणाचा लॉबिस्ट असतो?

भाऊ म्हणतो, "पण कायदा बदलला ना शेवटी?" बदलला. जून २०२३ पासून कंपन्यांनी मिळून पगार ठरवणं गुन्हा आहे, चौदा वर्षांपर्यंत कैद. म्हणजे समितीने विचारलेले प्रश्न फुकट गेले नाहीत. यावर माझ्याकडे उत्तर नाही आणि मी ते ओढूनताणून देणारही नाही. नागरिकत्व मिळाल्यावर मी २०२१ ला रांगेत उभी राहून मत दिलं, पुढेही देईन. पण मागचं त्या कायद्यात येत नाही, आणि जी तेरा वर्षं ते कलम असं पोकळ होतं, त्यांचा हिशेब कुणी मागितलेला मी ऐकला नाही.

मी आता एका हिशेबनिसाच्या ऑफिसात काम करते. ती फिलिपिनो बाई अजून त्याच कॅशवर आहे. मी दूध आणायला जाते तेव्हा तिच्याच रांगेत उभी राहते. तिचा ताशी दर आता किती आहे, हे विचारायचं धाडस मला अजून झालेलं नाही.