सहा पाकिटं, चोवीस दिवस

अमळनेरला माझं मेडिकल आहे, एकोणीस वर्षं झाली. मागच्या भाद्रपदात, ऐन गर्दीच्या वेळी जवळच्या खेड्यातला एक पोरगा चिठ्ठी घेऊन आला. आईला दोन दिवस ताप-खोकला, गावातल्या डॉक्टरांनी लिव्होफ्लॉक्सासिन हे अँटिबायोटिक लिहिलेलं. मी पाकीट काढलंसुद्धा. तेवढ्यात तो म्हणाला, "आनि मायनी ती रोजनी गोयी बी द्या भाऊ. दोनच पाकिटं."

माझा हात थांबला. ती रोजची गोळी म्हणजे पायरिडोस्टिग्मिन, ६० मिलीग्रॅम. त्याच्या आईला मायस्थेनिया ग्रेव्हिस आहे. या आजारात नसेचा निरोप स्नायूपर्यंत नीट पोचत नाही, कारण तो झेलणाऱ्या जागा शरीरच निकामी करत असतं. तो निरोप पोचायला ही गोळी मदत करते. पापण्या पडतात, घास गिळवत नाही, आणि बिघडलं तर श्वास घ्यायचे स्नायूही थकतात. लिव्होफ्लॉक्सासिनच्या गटातली औषधं हा अशक्तपणा आणखी वाढवू शकतात. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०११ साली या गटावर मायस्थेनियाच्या रुग्णांसाठी ठळक इशारा छापायला लावला होता.

पण दोनच पाकिटं का? उधारीची वही काढली. ३ तारखेला सहा पाकिटं, म्हणजे ६० गोळ्या. रोज चार. पंधरा दिवसांत संपायला हव्या होत्या, आणि आज २७ तारीख. विचारलं तर तो खाली बघत राहिला. सकाळची एक पूर्ण, बाकीच्या तीन वेळी अर्धी-अर्धी. पावसाने आठवडाभर काम नव्हतं. महिन्याला बारा पाकिटं लागतात, त्यात त्यांची आठवड्याची मजुरी जाते. वही माझ्या गल्ल्याशेजारीच होती. दहा दिवसांपूर्वी मी ती उघडून बघितली असती तर! ही सल अजून जात नाही.

"घरी फोन लाव," मी म्हटलं. "मावशी, एक मोठा श्वास घ्या आणि त्याच दमात एकपासून मोजत जा."

सातपर्यंत आवाज ठीक होता. मग तो नाकातून यायला लागला. अकरा म्हटल्या आणि पुढे नुसता श्वास ऐकू आला. धडधाकट माणूस एका दमात तीस-चाळीस सहज मोजतो. वीसच्या आत अडकला तर थांबायची वेळ नसते.

गावातल्या डॉक्टरांना फोन केला. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं, ती गोळी लगेच रद्द केली आणि म्हणाले, धुळ्याला हलवा. त्यांना दोष कसा देऊ? घरच्यांनी त्यांना एवढंच सांगितलं होतं की अशक्तपणाची गोळी चालू आहे. १०८ ला मीच फोन लावला. रात्री मावशी धुळ्याला पोचल्या, काही दिवस व्हेंटिलेटरवर होत्या, सोळाव्या दिवशी घरी आल्या.

त्यानंतर पोरगा आला तो वेगळाच विचार घेऊन: मागच्या राहिलेल्या गोळ्या आता जादा देऊन भरून काढू का? त्याला बाकावर बसवून समजावलं. ही गोळी जास्त झाली तरी अशक्तपणाच येतो. सोबत लाळ गळते, जुलाब होतात, घाम फुटतो, अंगावरचं मांस फडफडतं. कमी पडली की जास्त झाली, हे घरबसल्या ओळखायला जाऊ नये. डोस बदलायचा तो डॉक्टरांनीच. डॉक्टरांनी सांगितलं तसं जेवणाआधी अर्धा तास गोळी द्यायची, म्हणजे घास गिळायच्या वेळी तिचा जोर असतो.

एका पुठ्ठ्यावर आजाराचं नाव आणि टाळायच्या औषधांची नावं लिहून दिली. त्यात अझिथ्रोमायसिन आहे, जेंटामायसिन-अमिकासिनची इंजेक्शनं आहेत. तो पुठ्ठा त्यांनी रेशनकार्डाच्या पिशवीत ठेवलाय. आता पोरगा दर आठवड्याला तीन पाकिटं नेतो, पैसे असोत-नसोत. आठव्या दिवशी आला नाही तर नवव्या दिवशी सकाळी मी फोन करतो.